पंचेचाळिशीत तलावात उतरले, त्याची गोष्ट

‘ट्रायथलॉन’ हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला, तेव्हा सासूबाईंना ते एखाद्या गोळीचं नाव वाटलं. “जेवणाआधी घ्यायची का जेवणानंतर?” असं त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं. लेक हसून हसून लोळली. पण मैत्रिणींनो, खरं सांगायचं तर वर्षभरापूर्वी मलाही त्याचा अर्थ धड सांगता आला नसता.

तर ट्रायथलॉन म्हणजे एका दमात करायच्या तीन गोष्टी. आधी पोहायचं, पाण्यातून बाहेर आलं की ओल्या अंगानं सायकल मारायची, आणि सायकल जागेवर ठेवली की पळायचं. मध्ये विसावा नाही. घड्याळ एकदा सुरू झालं की शेवटच्या रेषेपर्यंत थांबत नाही. बूट चढवायला, केस पुसायला लागलेला वेळही तुमच्याच खात्यावर मांडला जातो. या खेळाचा धाकटा प्रकार म्हणजे ‘स्प्रिंट’. त्यात ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं. ऑलिंपिकमध्ये असतं ते याच्या बरोबर दुप्पट. त्याहून मोठ्या ‘आयर्नमॅन’बद्दल मी बोलणार नाही. तो माझा प्रांत नव्हे.

खेळ तसा फार जुना नाही. अमेरिकेत सान दिएगोला २५ सप्टेंबर १९७४ रोजी काही पळणाऱ्या मंडळींनी गंमत म्हणून अशी एक शर्यत भरवली, ४६ जण उतरले, आणि तिथून हे खूळ जगभर पसरलं. त्या पहिल्या शर्यतीत पळणं आधी आणि पोहणं नंतर होतं. आता क्रम उलटा असतो आणि त्याला कारण आहे. दमलेला माणूस रस्त्यावर फार तर बसेल. दमलेल्या माणसाला पाण्यात सोडणं धोक्याचं. ऑलिंपिकमध्ये या खेळाचा शिरकाव झाला तो २००० साली, सिडनीला. तिथं बायकांच्या शर्यतीत स्वित्झर्लंडची ब्रिजिट मॅकमहोन अवघ्या दोन सेकंदांनी पहिली आली. पुढे आपल्या शेजारी गोव्यातही २०१९ पासून मिरामारच्या किनाऱ्यावर मोठी शर्यत होऊ लागली आणि कोल्हापुरातले कितीतरी जण तिच्या तयारीला लागले. पहाटे घोळक्यानं सायकली मारणारी ही मंडळी दिसली की आमच्या गल्लीत म्हणत, “झोप येत नाही वाटतं यांना!”

मी काही खेळाडू नव्हे. एका शाळेत कारकून आहे, दोन मुलं आहेत, आणि डिसेंबर २०२३ मध्ये शर्यतीला उभी राहिले तेव्हा मला पंचेचाळिसावं लागलेलं होतं. त्यातून पाणी म्हणजे माझ्या माहेरी न काढायचा विषय. माहेर पंचगंगेच्या काठचं. गावातली पोरं पाठीला भोपळा नाहीतर पांगाऱ्याचा बिंडा बांधून विहिरीत पोहायला शिकत. माझे भाऊही चोरून शिकले. आम्हा बहिणींना मात्र आई विहिरीच्या पायऱ्यासुद्धा उतरू देत नसे. तिचा पाठचा भाऊ, म्हणजे आमचा धाकटा मामा, एकोणिसाव्या वर्षी नदीला गेला तो परत आलाच नाही. मी त्याला पाहिलेलंही नाही. पण त्याच्यामुळे आमच्या घरातल्या तीन पोरी कोरड्या राहिल्या.

ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवत असेल तुम्हाला. आमच्या घरात कमरेएवढं पाणी आलं आणि आम्हाला नावेतून बाहेर काढावं लागलं. माझी लेक शाळेत पोहायला शिकलेली. ती आजीचा हात धरून निवांत बसली होती. मी मात्र नावेच्या फळीला अशी चिकटले होते की उतरताना बोटं सोडवावी लागली. घरातल्या बाईनं सगळ्यांना धीर द्यायचा, आणि इथं तीच सगळ्यांत भेदरलेली. पूर ओसरला, चिखल काढून झाला, पण ती फळी काही डोक्यातून गेली नाही. त्या वर्षीच पोहणं शिकायचं मनात घेतलं. मग करोना आला, तलाव बंद झाले, आणि शेवटी २०२२ च्या उन्हाळ्यात बायकांच्या बॅचला नाव घातलं.

पहिले पंधरा दिवस हातपाय मारणं नाहीच. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीहून चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. ती म्हणाली, “काकू, आधी पाण्यात श्वास सोडायला शिका. घ्यायचं नंतर बघू.” कठडा धरायचा, तोंड पाण्यात घालायचं आणि नाका-तोंडानं बुडबुडे काढायचे. लहान मुलाचा खेळ वाटतो, पण सगळी मेख तिथंच आहे. नवशिका माणूस घाबरून श्वास कोंडून धरतो. वर आल्यावर आधीचीच हवा छातीत भरलेली, मग नवी घेणार कुठं? त्यानं दम लागतो आणि भीती आणखी वाढते. पाण्याखाली सावकाश, पुरता श्वास सोडला की वर आल्यावर हवा आपोआप आत येते. हे मला कळायला पंधरा दिवस लागले आणि अंगात मुरायला सहा महिने.

पोशाखाबद्दल विचारणाऱ्या पुष्कळजणी भेटतात म्हणून सांगते. कोपरापर्यंत बाह्या आणि गुडघ्यापर्यंत पाय झाकणारा पोहण्याचा पोशाख मिळतो, मी तोच वापरला. सैल सलवार-कमीज घालून मात्र पाण्यात उतरू नये. ते कापड पाणी पिऊन जड होतं आणि पायात गुंडाळतं.

पोहणं जमायला लागलं, तशी शिकवणारी म्हणाली की शहरात स्प्रिंट शर्यत आहे, राजाराम तलावात पोहायचंय, भाग घ्या. घरी विषय काढला तो दिवस म्हणजे गोळीच्या नावाचा. नंतर अर्थ कळल्यावर सासूबाई बिथरल्या. “ह्या वयात पाण्यात पडायचं हाय व्हय?” मी त्यांना सिस्टर मॅडोना ब्यूडर यांची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या या ख्रिस्ती जोगीण. बावन्नाव्या वर्षी पहिली ट्रायथलॉन केली आणि २०१२ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी, अख्खी आयर्नमॅन पुरी केली. सासूबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तिला पोरंबाळं न्हाईत, सैपाक न्हाई. करंल की.”

हसू नका. त्या बाईमाणसानं नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. पैसा लागतो, अंगमेहनत लागते, हे सगळं खरं. पण बाईला खरी अडचण येते ती वेळेची. पुरुष पहाटे पाच वाजता सायकल काढतो तेव्हा घरात चहा कोण करतं, डबे कोण भरतं, याचा त्याला विचार करावा लागत नाही. मी पहाटेचा एक तास मागितला तेव्हा आमच्या घरात जवळजवळ आठवडाभर अबोला होता. यांचं म्हणणं, संध्याकाळी जा. संध्याकाळी बायकांची बॅच नाही, आणि अंधारात सायकल मारायची कुठं? शेवटी तोडगा निघाला. रात्री भाजी चिरून, कणीक मळून ठेवायची माझ्याकडे. सकाळचा चहा-पोहे आणि दूध तापवणं यांच्याकडे. पहिल्या आठवड्यात दूध तीनदा उतू गेलं. पोह्यांचा लगदा झाला. सासूबाई पदराआड हसत असत, पण उठून हात लावत नसत. त्याबद्दल मी त्यांची फार ऋणी आहे. त्यांनी हात लावला असता तर माझा तास गेलाच होता. महिनाभरानं पोहे बरे व्हायला लागले. आता तर पाहुणे आले की हेच पुढे होतात आणि वर “हिला जमत नाहीत असे” म्हणतात!

तयारीचा फार बाऊ केला नाही. आठवड्यात तीन दिवस पोहणं, दोन दिवस सायकल, दोन दिवस पळणं-चालणं. एक वार रिकामा ठेवत होते, म्हणजे कुठल्यातरी दिवशी दोन गोष्टी एकाच सकाळी यायच्या. तलाव २५ मीटरचा, तेव्हा ७५० मीटर म्हणजे ३० फेऱ्या. सुरुवातीला चार फेऱ्यांत छाती फुटायची. पळताना एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं करत करत अर्ध्या तासावर आले. सायकल मुलाचीच घेतली, गिअरची. दुकानदारानं सीट उंच करून दिली. पायडल अगदी खाली गेलं की गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे, इतकी उंची हवी. तेवढ्या एका बदलानं माझं गुडघ्याचं दुखणं थांबलं. नवीन विकत घेतलं ते हेल्मेट, पळायचे बूट आणि खेळाची ब्रा. या तिसऱ्या वस्तूबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही. घट्ट आधार देणारी नसेल तर पळणं ही शिक्षा होते, आणि पुष्कळ बायका पळणं सोडून देतात ते त्यापायी. मांड्या घासतात तिथं खोबरेल लावावं.

सुरुवात करण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासून घेतलं. माझं साडेनऊ निघालं. थकवा येतो तो वयाचा असं मी वर्षानुवर्षं समजत होते. तीन महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या, मगच पळायला लागले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय असल्याचं आढळलं होतं, तेव्हा यात मी एकटी नव्हते. तुम्ही पळा किंवा न पळा, ही तपासणी करून घ्या. गोळी चहाबरोबर मात्र घेऊ नका, लोह अंगी लागत नाही.

आणखी एक सराव वेगळा करावा लागतो, सायकलवरून उतरून लगेच पळण्याचा. पहिल्यांदा केला तेव्हा पाय माझे नव्हेतच असं वाटलं. कुणा दुसऱ्याचे जड, लाकडी पाय उसने आणल्यासारखे. सायकलवर पायांना गोल फिरायची सवय झालेली असते, त्यातून त्यांना एकदम रस्त्यावर आपटायला सांगितलं की ते रुसतात. पाच-सात मिनिटांनी ताळ्यावर येतात. हे ठाऊक असलं की घाबरायला होत नाही. सायकलचा शेवटचा किलोमीटर हलक्या गिअरवर भराभर पाय फिरवत काढला तर रुसवा लवकर जातो.

आणि शर्यतीआधी दोन रविवार आम्ही सहा-सातजणी शिकवणारीबरोबर प्रत्यक्ष तलावात उतरलो, प्रत्येकीच्या कमरेला नारिंगी फुगा बांधून. एकटीनं तलावात उतरू नये, मग पोहणं कितीही येवो.

शर्यतीच्या दिवशी चार वाजता उठले. एक केळं, राजगिऱ्याचा लाडू, अर्धा कप चहा. पोटभर खाणं असेल तर ते दोन-अडीच तास आधी उरकावं. पहाट चांगलीच गार होती. दंडावर नंबर लिहिला, घोट्याला वेळ मोजणारी पट्टी बांधली. सायकल लावायच्या जागी माझ्या वाट्याला हातभर जागा. तिथं टॉवेल, त्यावर बूट, मोजे, वर हेल्मेट उलटं, त्यात चष्मा. एक नियम पक्का असतो: हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, आणि ठरलेल्या रेषेच्या पुढे गेल्याशिवाय वर बसायचं नाही. आजूबाजूला पुरुषच पुरुष. बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. कपडे बदलायला एक कनात लावली होती, तिला दारच नव्हतं. दोघींनी पडदा धरायचा, तिसरीनं बदलायचं. पुढे टी-शर्ट मिळाले तेही सगळे पुरुषांच्या मापाचे. माझा आता हे घालतात. भाग घ्या म्हणून बायकांना आग्रह करणाऱ्यांनी आधी एका दाराची सोय करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिट्टी झाली. पुरुषांना आधी सोडलं, आम्हाला पाच मिनिटांनी. पहिले शंभरेक मीटर ठीक गेले. मग कुणाची तरी लाथ खांद्यावर बसली, चष्म्यात पाणी शिरलं, आणि पायाला काहीतरी लवलवीत लागलं. शेवाळच असणार. तलावाचं पाणी हिरवट, स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही. पोहण्याच्या तलावात खाली फरशी दिसते, काळी रेघ दिसते. इथं खाली काहीच नाही. छातीवर कुणीतरी बसल्यासारखं झालं. श्वास भराभर, वरचेवर, आणि आत काही जात नाही. त्या क्षणी मला शर्यत, लेक, हे, कुणी आठवलं नाही. आठवला तो न पाहिलेला मामा.

मी हात वर केला. सुरक्षेची नाव जवळच होती. वल्हं मारणारा दादा पन्नाशीचा असेल. तो म्हणाला, “धरा ताई, धरा. घाई नाही. मी कुठं जात नाही.” या खेळात उभ्या नावेला धरून विसावा घेता येतो, नावेनं तुम्हाला पुढे नेलं नाही तर बाद करत नाहीत. हे आधीच सांगून ठेवलेलं होतं म्हणून बरं. मी कडा धरली. त्यानं विचारलं, “काठावर सोडू?” काठ तसा लांब नव्हता. लेक तिथंच टॉवेल घेऊन उभी असलेली दिसत होती.

मी उत्तर दिलं नाही. तोंड पाण्यात घातलं आणि बुडबुडे काढले. एकदा, दोनदा, दहा वेळा. सगळा श्वास बाहेर, अगदी पोट आत जाईपर्यंत. डोळे मिटलेले. दहाव्याला छातीवरचं ओझं उतरलं. चष्म्यातलं पाणी काढलं. मग हातावर नजर टाकली. मी फळीला, म्हणजे नावेच्या कडेला, तीन बोटांनी धरलं होतं. तीनच. ती सोडवायला कुणाची गरज नव्हती. “जाते दादा,” म्हटलं. तो म्हणाला, “जावा. मी मागनं येतोय.”

पुढचं पोहणं सावकाश झालं. थोडं उताणं, थोडं बेडकासारखं. दर आठ-दहा हातांनी डोकं वर काढून नारिंगी डोणा कुठं आहे ते बघायचं, नाहीतर माणूस भलतीकडेच जातो. २६ मिनिटांनी पायाला चिखल लागला. त्या चिखलाइतकं मऊ काही मी आयुष्यात तुडवलेलं नाही.

सायकल आणि पळणं यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सायकलवर ऊन अंगावर आलं, कपडे वाऱ्यानंच वाळले. एका चढावर उतरून चालणारा एक तरुण मला ‘काकू, भारी’ म्हणाला, ते आवडलं. ‘काकू’ नसता म्हणाला तर जास्त आवडलं असतं. ५४ मिनिटांत २० किलोमीटर झाले. मग ते उसने पाय. पहिला किलोमीटर चाललेच जवळजवळ. नंतर पळाले, पाण्याच्या टेबलाशी थांबले, परत पळाले. सगळं मिळून दोन तास सात मिनिटं. खालून तिसरी. शेवटच्या रेषेवर हे उभे होते, हातात डबा. पोहे आणले होते. थंड झाले होते, पण लगदा नव्हता.

आईला शर्यतीचं आधी कळवलं नव्हतं. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची, तिचा रक्तदाब आणि तिचा तो विषय. संध्याकाळी फोन केला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, “किती पुरुष पाणी हुतं?”

“दोन पुरुष असेल.”

“भ्यालीस?”

“भ्याले की.”

“मग गं?”

“मग नावेला धरलं. दम घेतला. परत पोहले.”

पुन्हा थोडा वेळ गेला. म्हणाली, “तुझ्या मामाला धराय काय बी नव्हतं बघ.” चाळीस वर्षांत तिच्या तोंडून मी मामाबद्दल ऐकलेलं हे पहिलं वाक्य.

फेब्रुवारीत ती आमच्याकडे राहायला आली. एके दिवशी माझ्याबरोबर तलावावर येते म्हणाली. बायकांची बॅच चालू असताना तासभर कट्ट्यावर बसून राहिली, पदर डोक्यावरून घट्ट ओढून, पायऱ्यांपासून चांगली दहा पावलं लांब. निघताना तिनं शिकवणाऱ्या मुलीला थांबवलं. माझ्या भावाची धाकटी आता नऊ वर्षांची आहे. “बारक्या पोरींचं किती घेता?” तिनं विचारलं.